सणासुदीची भटकंती: गावं कमी, मुक्काम मोठा

नवरात्रापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सॅक पाठीला लावून देशभर हिंडायचं, असं ज्यांच्या मनात येतं त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. या देशाची ओळख करून घ्यायला याहून चांगले दिवस नाहीत. पाऊस सरलेला असतो, पिकं हाताशी आलेली असतात, माणसं घराबाहेर पडलेली असतात आणि परक्यालाही हाक मारून प्रसाद देतात. पण असे बेत माझ्यासमोर येतात तेव्हा काळजी वाटते. गरब्याला अहमदाबाद, अष्टमीला कोलकाता, दसऱ्याला म्हैसूर, दिवाळीला जयपूर आणि शेवटी काशी. नकाशावर रेघा छान दिसतात, पण यातले निम्मे दिवस गाडीत आणि फलाटावर जातात आणि उरलेल्या दिवसांत डोळ्यांवर झोप असते.

म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो. सणाच्या दिवसांत गावं कमी करा आणि मुक्काम वाढवा. महिनाभर असेल तर दोन गावं पुरेत, पंधरा दिवस असतील तर एकच. गर्दी यायच्या आधी पोहोचा आणि ती ओसरली की निघा. खर्च, तब्येत, सुरक्षितता या सगळ्याचं बरंचसं गणित एवढ्याने सुटतं. आणखीही एक कारण आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या दिवसांतल्या गाड्या मुळात घरी निघालेल्या माणसांच्या आहेत. सुरतच्या मागावर काम करणाऱ्याला किंवा मुंबईतल्या बांधकामावरच्या गवंड्याला वर्षातून एकदा, मोजून आठ-दहा दिवसांची रजा मिळते. त्याला तारीख बदलता येत नाही. आपल्याला येते. तेव्हा आपण बदलावी.

तारखा ठरवताना सुरुवात भिंतीवरच्या पंचांगापासून करा. 2026 मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आल्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आहेत. अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, घटस्थापना 11 ऑक्टोबरला, दसरा 20 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, छठ 15 नोव्हेंबरला आणि कार्तिकी पौर्णिमा 24 नोव्हेंबरला. उत्तरेकडचे सण शोधताना आपल्याकडच्या माणसाचा एका ठिकाणी हमखास घोटाळा होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात महिन्याचं नाव जुळतं, वद्य पक्षात त्यांचा महिना एकाने पुढे असतो. आपल्या आश्विन वद्य चतुर्थीला काशीत कार्तिक कृष्ण चतुर्थी म्हणतात. तिथला एखादा उत्सव 'कार्तिक कृष्ण' पक्षात आहे असं ऐकून आपल्या पंचांगातल्या कार्तिक वद्यात गेलात, तर तो होऊन महिना झालेला असेल. दक्षिणेत आणखी वेगळं. तमिळनाडूत मुख्य दिवाळी नरक चतुर्दशीला, म्हणजे कधी आपल्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तर कधी त्याच दिवशी असते. बंगालमध्ये दिवाळीच्या रात्री कालीपूजा असते आणि त्यांचा मोठा सण तोवर उरकलेलाही असतो.

तिथ्या कळल्या की माणसं कुठून कुठे जाणार ते बघा. मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली, लुधियाना या शहरांतून उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्या गाड्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यापासून छठपर्यंत खचाखच असतात. छठचं सकाळचं अर्घ्य झालं की तीच गर्दी उलटी फिरते. कोलकात्यात पूजेला माणसं येतात, तशीच पूजेची सुट्टी मिळाली म्हणून हजारो बंगाली कुटुंबं पुरी, दार्जिलिंगला जातात, म्हणजे हावड्याहून पुढच्या गाड्याही मिळत नाहीत. गुजरातेत दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बाजार बंद असतात. त्या दिवसांत अहमदाबादेत चहाची टपरीही शोधावी लागते आणि उदयपूर, माउंट अबू, दीव इथे खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. आपल्याकडे शाळांना सुट्टी लागली की कोकण आणि महाबळेश्वर भरतं. दसऱ्याला नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांचीही हीच स्थिती असते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. हावड्याकडे जाणारी तुमची गाडी नागपूरमार्गे असेल तर तो दिवस आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस टाळा. किंवा दसऱ्याला सरळ नागपूरलाच थांबा. दीक्षाभूमीच्या परिसरातले पुस्तकांचे स्टॉल आणि डोक्यावर बोचकं घेऊन आलेल्या आयाबायांनी विकत घेतलेली पुस्तकं, हे दृश्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाने एकदा तरी बघायला हवं.

आता तिकिटं. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, त्याआधी ते 120 दिवस होतं. प्रवासाचा दिवस धरायचा नाही. म्हणजे 7 ऑक्टोबरला निघायचं तर 8 ऑगस्टला, आणि 4 नोव्हेंबरच्या गाडीसाठी 5 सप्टेंबरला सकाळी आठ वाजता तयार बसायचं. दिवाळीचं तिकीट गणपती बसायच्या आधी काढायचं आहे, हे ध्यानात ठेवा. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून घ्या. तत्काळ तिकीट तर जुलै 2025 पासून त्याशिवाय ऑनलाइन मिळतच नाही. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी दहा वाजता आणि स्लीपरसाठी अकरा वाजता. पण सणाच्या आठवड्यात तत्काळच्या भरवशावर बेत आखू नका. मिळालं तर आनंद, एवढीच त्याची किंमत.

प्रतीक्षायादीचं तिकीट काढताना त्यावरची अक्षरं वाचा. जीएनडब्ल्यूएल असेल तर आशा धरायला जागा आहे. आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल असेल तर मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यातलं ते तिकीट आहे, ते सहसा हलत नाही. गाडी जिथून सुटते तिथपासून तिकीट काढून चढायचं स्टेशन बदलून घेतलं तर मोठ्या कोट्यात नाव लागतं. चार पैसे जास्त पडतात, पण बर्थ मिळतो. नाव प्रतीक्षायादीतच राहिलं तर आरक्षित डब्यात चढायला मुभा नाही. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा चालू आरक्षणात विकल्या जातात, त्यावर मात्र नजर ठेवा, विशेषतः लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्यांसाठी. त्या वेळेपर्यंत बहुतेक माणसं घरी पोहोचलेली असतात.

लांबचा प्रवास तोडून करणं हाही चांगला उपाय आहे. मुंबईहून थेट काशीचं तिकीट नसेल तेव्हा जबलपूरपर्यंतचं मिळू शकतं. तिथे एक दिवस काढून भेडाघाट बघायचा आणि दुसऱ्या गाडीने पुढे जायचं. काशीला जाताना पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुनं मुघलसराय, हेही शोधात घ्या. हावडा मार्गावरच्या कितीतरी गाड्या तिथे थांबतात आणि तिथून शहर रिक्षाने गाठता येतं. खुद्द शहरातही वाराणसी जंक्शन वेगळं आणि बनारस स्टेशन वेगळं. मंडुआडीह नावाच्या स्टेशनचं 2021 मध्ये बनारस झालं. परतीच्या दिवशी चुकीच्या फलाटावर उभं राहायचं नसेल तर तिकिटावरचं नाव नीट बघा.

काशीचं नाव एवढ्यांदा आलं त्याला कारण आहे. एकच गाव निवडायचं तर मी डोळे मिटून काशी सांगेन. तिथे अनंत चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सण संपतच नाहीत, आणि त्यातले बरेचसे बाहेरच्या पर्यटकाला ठाऊकही नसतात.

इकडे आपण गणपती बोळवतो त्याच दिवशी गंगेच्या पलीकडे रामनगरला रामलीला सुरू होते आणि साधारण महिनाभर चालते. तिला रंगमंच नाही. अख्खं गावच रंगमंच आहे. अयोध्या एका ठिकाणी, जनकपूर दुसऱ्या, पंचवटी तिसऱ्या, आणि लंका गावाबाहेरच्या मैदानात. राम वनवासाला निघाले की हजारो प्रेक्षक त्यांच्या मागून चालू लागतात. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत, पेट्रोमॅक्स आणि मशालींचा उजेड. रामायणी मंडळी तुलसीदासांचं रामचरितमानस गातात, थांबतात, मग 'चुप रहो, सावधान' अशी आरोळी उठते. एवढा मोठा जमाव गप्प होतो आणि एका लहान मुलाचा आवाज ऐकू येऊ लागतो. राम, सीता, लक्ष्मण ही सगळी कामं मुलं करतात. वर्षानुवर्षं रोज येणाऱ्या प्रेक्षकांना तिथे नेमी म्हणतात. हातात काठी, काखेत मानसची प्रत, आणि वाचायला छोटी बॅटरी. एखाद्या नेमीच्या शेजारी जागा मिळवा. कोणता प्रसंग कुठे होणार, उद्या कधी यायचं, कुठून उठून कुठे जायचं, हे सगळं तो आपणहून सांगतो.

तिथे पाच वाजेपर्यंत पोहोचा. मध्ये काशीनरेशांच्या संध्येसाठी विराम असतो, त्या वेळात मेळ्यात खाऊन घ्या. खाली अंथरायला बसकर, अंगावर घ्यायला पातळ चादर आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. मोबाइल खिशात ठेवा, फोटो काढलेले तिथे चालत नाहीत. रात्री दहाच्या सुमारास परतायचं असतं, तेव्हा येतानाच रिक्षावाल्याशी जाण्यायेण्याचं ठरवून घ्या. सगळे दिवस जमणार नसतील तर धनुष्ययज्ञ, भरतभेट आणि राज्याभिषेकानंतरची पहाटेची आरती एवढं तरी बघा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, शहरातल्या नाटी इमली भागात भरतमिलाप होतो. मावळतीच्या उन्हात चारही भाऊ एकमेकांना भेटतात. सगळं मिळून काही मिनिटांचा प्रसंग, पण त्यासाठी छपरं, गच्च्या, झाडं माणसांनी भरलेली असतात. दुपारी दोनच्या आत जागा धरा. आश्विन वद्य चतुर्थीच्या रात्री चेतगंजची नक्कटैया, म्हणजे शूर्पणखेचं नाक कापल्याच्या प्रसंगाची मिरवणूक, निघते. धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत अन्नपूर्णेच्या मंदिरातली सोन्याची मूर्ती दर्शनाला उघडते, ती वर्षातून तेवढ्याच दिवसांत. रांग रात्रीपासून लागते. वृद्ध आई-वडील बरोबर असतील तर शेवटच्या दिवसाच्या ऐवजी मधला दिवस धरा. मग कार्तिक शुद्ध चतुर्थीला तुळशी घाटावर नागनथैया. कदंबाची फांदी गंगेत रोवलेली असते, कृष्ण झालेला मुलगा तिच्यावर चढतो, चेंडूसाठी पाण्यात उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. हेही काही मिनिटांचंच, आणि त्या क्षणी घाटावर जो गजर उठतो तो ऐकण्यासाठी सगळी दुपार थांबणं सार्थकी लागतं.

छठ येते दोन दिवसांनी. तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पाहुण्याच्या वागण्याला महत्त्व आहे. व्रत करणारी बाई, आणि पुष्कळदा पुरुषही, छत्तीस तासांच्या आसपास पाण्याचा थेंबही घेत नाही. पंचमीच्या संध्याकाळी खरना होतो, गुळाची खीर आणि पोळी असा प्रसाद असतो. तुम्ही कुणाच्या घरी किंवा छोट्या गेस्टहाउसात उतरला असाल तर बोलावणं येईलच. दोन्ही हातांनी घ्या आणि टाकू नका. षष्ठीला मावळत्या आणि सप्तमीला उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. घाटाच्या पायऱ्यांवर प्रत्येक कुटुंब आपली जागा आखून घेतं, सूप आणि टोपल्या मांडतं, वर उसाचा मांडव उभारतं. त्या वस्तूंना हात लावायचा नाही, त्या ओलांडायच्या नाहीत, चपला दूर काढून ठेवायच्या. ओल्या साडीत पाण्यात उभ्या असलेल्या बायांवर कॅमेरा रोखायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण दरवर्षी मी ते होताना बघतो आणि फार वाईट वाटतं. बाजूला शांत उभे राहिलात तर ठेकुआ तुमच्या हातावर न मागता येतो. हाच न्याय मणिकर्णिका घाटाला. तिथे कुणाचं तरी माणूस जळत असतं. फोटो नाही म्हणजे नाही.

तिथल्या पंचांगातल्या पूर्ण कार्तिकभर घाटांवर उंच बांबूंना टांगलेले आकाशदिवे असतात. ते बघायला पहाटे जा, गर्दी अजिबात नसते. आणि पौर्णिमेला देवदीपावली, आपली त्रिपुरी पौर्णिमा. त्या दिवशी नावेचे भाव अनेक पटींनी चढतात. नाव हवीच असेल तर चार-पाच दिवस आधी नावाड्याशी बोला. कुठून कुठपर्यंत, किती वेळ, किती माणसं, हे तिघाचौघांसमोर ठरवा, आणि अंगात घालायला जाकीट नसेल किंवा ठरल्यापेक्षा जास्त माणसं भरली असतील तर पाय ठेवू नका. माझं स्वतःचं मत विचाराल तर नाव नकोच. दुपारी तीनला एखाद्या लहान घाटावर जा आणि तिथल्या मंडळाच्या पोरांना विचारा की हात लावू का. पणत्या भिजवणं, पुसणं, ओळीत लावणं, वाती घालणं, तेल ओतणं, इतकं काम असतं की कोणी नाही म्हणत नाही. अंधार पडताना ज्या ओळी तुम्ही लावल्या त्याच तुम्ही पेटवता. पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या काळचा म्हणून दाखवतात तो हजारा दीपस्तंभ त्या संध्याकाळी उजळतो, जेजुरीच्या दीपमाळा पाहिलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. तासाभरात पायऱ्यांवर तेल सांडलेलं असतं आणि दगड निसरडे होतात. मागून पट्टा असलेली, रबरी तळव्याची सँडल घाला, कपडे सुती घाला आणि ओढणी, मफलर कमरेला बांधून टाका. पणती पायाशी असते, पदर कधी पेटला ते कळत नाही.

राहायला काशीत धर्मशाळा आहेत, आश्रम आहेत, वसतिगृहासारख्या खाटा भाड्याने देणारी हॉस्टेलं आहेत. जागा घाटालगत घेऊ नका. शहरातल्या लंका, सिगरा किंवा भेलूपूर भागात घ्या आणि रोज चाला. देवदीपावलीच्या दोन-तीन दिवसांत रस्ते वाहनांना बंद होतात, तेव्हा चालणाऱ्याचंच राज्य असतं. त्या दिवसांचे पैसे आधी पूर्ण ठरवून पावती घ्या. ओळखपत्र मूळ ठेवा, छायाप्रत सगळीकडे चालत नाही. खाण्याची चिंता नको. सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी, थंडी पडू लागली की मलइयो. नवरात्रात मात्र पुष्कळ ठिकाणी फक्त फराळी पदार्थ मिळतात, कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या वगैरे. कुट्टूचं पीठ जुनं असेल तर पोट बिघडतं, तेव्हा चालत्या दुकानातच खा.

कोलकात्याचं याच्या अगदी उलट. तिथे नवरात्रात उपास करायला गेलेला मराठी माणूस गोंधळतो, कारण नवमीला घरोघरी मटण शिजत असतं. सण म्हणजे भरपूर खायचं, अशी तिथली रीत. उपास असेल तर फळं-दही स्वतः सांभाळा. दुर्गापूजेला युनेस्कोने 2021 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यानंतर गर्दी वाढलीच आहे. पण तिला वळसा घालता येतो. तृतीया-चतुर्थीलाच पोहोचा, बहुतेक मंडप तोवर उघडलेले असतात. मोठे मंडप पहाटे पाच ते आठ या वेळात बघा, दुपारी झोपा आणि रात्री फक्त पायी हिंडा. सप्तमी ते नवमी मेट्रो पहाटेपर्यंत चालते, त्यामुळे मुक्काम उत्तर-दक्षिण मेट्रोच्या एखाद्या स्टेशनजवळ घ्या. मंडपांइतकीच जुन्या वाड्यांमधली पूजा बघण्यासारखी. शोभाबाजार राजवाड्यातली 1757 पासूनची, ती बाहेरच्यांना बघता येते. अष्टमीला सकाळी न्हाऊन, काही न खाता कुठल्याही पाड्याच्या मंडपात पुष्पांजलीला उभे राहा. कोणी जात-गाव विचारत नाही, हातात फुलं देतात. अष्टमी आणि नवमीच्या सांध्यावर 48 मिनिटांची संधिपूजा असते, 108 दिवे लागतात, ढाक घुमतो. ते चुकवू नका. आणि पूजेच्या आधी पोहोचलात तर सियालदा स्टेशनबाहेर जा. खेड्यापाड्यांतून आलेले ढाकी तिथे ढाक वाजवत कामाची वाट बघत बसलेले असतात, मंडळांची माणसं ऐकून, भाव करून त्यांना नेतात. पूजेमागचे कष्ट तिथे दिसतात.

ज्यांना शहरच नको त्यांनी बस्तर धरावं. जगदलपूरचा दसरा 75 दिवसांचा आहे, आषाढी अमावास्येच्या हरेलीपासून सुरू होतो. त्यात रावण नाही, देवी दंतेश्वरी आहे आणि आदिवासींनी हाताने घडवलेला, दोरखंडांनी ओढायचा प्रचंड लाकडी रथ आहे. शेवटच्या दिवसांत रथ पळवून कुम्हडाकोटच्या रानात नेतात आणि मग तो सन्मानाने परत आणतात. नागपूरहून रायपूर आणि तिथून रात्रीची बस, असा रस्ता सोपा आहे. लॉज थोडे आहेत, म्हणून आधी फोन करून खोली ठरवाच. हिमालयाची ओढ असेल त्यांच्यासाठी कुल्लू. बाकी देशाचा दसरा जिथे संपतो तिथे त्यांचा सुरू होतो, सात दिवस, आणि खोऱ्यातले देव पालख्यांतून ढालपूरच्या मैदानात येतात. तिथे रात्री चांगलीच थंडी असते.

गर्दीविषयी मात्र सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे. 30 सप्टेंबर 2008 रोजी, घटस्थापनेच्या पहाटे, जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यातल्या चामुंडा मंदिरात चेंगराचेंगरीत दोनशेहून अधिक माणसं गेली. 29 सप्टेंबर 2017 ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 जण गेले. 19 ऑक्टोबर 2018 ला अमृतसरमध्ये रावणदहन बघायला लोक रुळांवर उभे होते, गाडी आली. 27 ऑक्टोबर 2024 ला वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या गाडीत चढताना माणसं जखमी झाली. ही ठिकाणं वेगळी, पण त्यातून घ्यायची खबरदारी सारखीच. अरुंद जिना, उतार, पूल आणि एकच दरवाजा असलेली जागा, इथे ऐन मुहूर्ताला जाऊ नका. रुळांवर कधीही थांबू नका. गर्दीत चेंगरून जाणारी बहुतेक माणसं पायाखाली येण्याआधीच, उभ्याउभ्याच, श्वास कोंडून जातात. त्यामुळे चारही बाजूंनी अंगाला अंग लागू लागलं आणि हात वर घ्यायला जागा उरली नाही की पुढे काय आहे ते बघायचं सोडा आणि त्याच क्षणी निघा. लोंढ्याच्या विरुद्ध नका जाऊ, तिरकं-तिरकं कडेला सरका. दोन्ही हात छातीपुढे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. काही पडलं तर वाकू नका. सॅक खोलीवरच ठेवा, गर्दीत ती तुमचा आणि मागच्याचाही तोल घालवते. मोठ्या गर्दीत मोबाइलचं जाळं बसतं, म्हणून हरवल्यास कुठे भेटायचं ते निघतानाच ठरवा. पोलिसांसाठी 112 आणि रेल्वेत 139 हे क्रमांक लहानांनाही पाठ असू देत.

एकट्या हिंडणाऱ्या मुलींनी रात्रीच्या कार्यक्रमात बायकांच्या घोळक्यात जागा घ्यावी. रामनगरला, छठला, पुष्पांजलीला बायका मोठ्या संख्येने असतात आणि 'अकेली आई हो?' असं विचारून जवळ बसवून घेतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांत रेल्वे सुरक्षा दलाचं 'मेरी सहेली' पथक एकट्या प्रवासी महिलांची विचारपूस करतं, त्यांना आपला डबा आणि बर्थ सांगून ठेवा.

सॅक 40 लिटरच्या आत बसली पाहिजे, आणि भरल्यावर ती घेऊन दोन जिने न थांबता चढता आले पाहिजेत. ऑक्टोबरात काशी-कोलकात्यात घाम निथळतो आणि कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे काशीत स्वेटर लागतो, म्हणून एक जाड कपडा आणि बाकी पटकन वाळणारं. कुलूप आणि साखळी हवीच. स्टेशनच्या क्लोकरूमात कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा, गर्दीत यूपीआय अडकतं. फटाके गाडीतून नेणं गुन्हा आहे, भाच्यासाठी घेतलेला फुलबाज्यांचा एक डबासुद्धा. दमा असणाऱ्यांनी दिवाळीनंतरचे दोन आठवडे दिल्ली टाळावी.

परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच, आपापल्या 60 दिवसांच्या हिशोबाने काढा. काशीहून निघायचं तर छठनंतरचा आठवडा सोडा आणि देवदीपावलीनंतर एक-दोन दिवस थांबून निघा. रजाच कमी असेल, चारच दिवस हाताशी असतील, तर देवदीपावलीच्या मागे लागू नका. कार्तिक शुद्ध दशमीच्या सुमारास काशीला जा. घाटांवरची छठची गर्दी गेलेली असते, पौर्णिमेची आलेली नसते, आकाशदिवे रोज संध्याकाळी चढतात आणि खोली नेहमीच्या भावात मिळते.